चाल कोणाची?

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. दशलक्षण पर्वाचे दिवस होते. दुपारी मंदिरातून येऊन आम्ही दोघी जावा जरा टेकलो होतो. टीव्हीवर जुनी गाणी चालू होती आणि त्यात 'बैजू बावरा'मधलं रफीसाहेबांचं मालकंसातलं भजन लागलं. जाऊबाईंची नात, वय वर्षं नऊ, ताटं पुसता पुसता थांबली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, बघ ना! या लोकांनी आपल्या पार्श्वनाथांच्या भजनाची चाल चोरली!"

आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. जाऊबाईंनी फोन करून बहिणीलाही सांगितलं. पण संध्याकाळी सामायिकाला बसले तेव्हा ते हसू कुठल्या कुठे गेलं. पोरीचं काय चुकलं होतं? तिनं ते भजन आधी मंदिरात ऐकलं आणि सिनेमा नंतर पाहिला. आधी ऐकलं ते खरं आणि नंतर आलं ते उसनं, हा तिचा हिशोब. तिला तसं वाटावं याची तजवीज तर मीच करून ठेवली होती.

ते असं झालं. आमच्या महिला मंडळाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा भजनांची एक पुस्तिका छापायची ठरली. मी बी.ए. झालेली, चार लेख छापून आलेली, म्हणून काम माझ्याकडे आलं. बायांनी आपापल्या वह्या आणून दिल्या. कुणाची दुकानाची लाल वही, कुणाची मुलाच्या शाळेची उरलेली. त्यातून एक्केचाळीस भजनं निघाली. प्रत्येक भजनाच्या डोक्यावर 'तर्ज' लिहिलेली होती, म्हणजे हे कोणत्या गाण्याच्या चालीवर म्हणायचं ते. तुमच्याही मंडळात असंच असेल. शब्द आपले, चाल सिनेमाची. ढोलकी आणि टाळ असले की बायका लगेच उचलतात, नवी चाल शिकवत बसावं लागत नाही.

मी त्या सगळ्या तर्जा काढून टाकल्या.

का काढल्या? शोभत नाहीत म्हणून. वीतराग भगवंतांच्या स्तुतीवर एखाद्या क्लबातल्या नाचगाण्याचं नाव छापायचं, आणि ती पुस्तिका माताजींच्या हातात द्यायची! मला लाज वाटली. कमिटीतल्या बायकांनीही मान डोलावली. पाचशे प्रती छापल्या. मुखपृष्ठावर मंदिराचं चित्र, खाली 'संकलन व संपादन' म्हणून माझं नाव. भजनं ज्यांनी रचली त्या बायकांची नावं आत घातली नाहीत. 'मंडळाच्या भगिनी' एवढंच लिहिलं. तेव्हा मला ते नम्रतेचं वाटलं होतं.

एका काकूंनी तेवढं विचारलं. ऐंशीच्या घरातल्या, चौथी शिकलेल्या. पुस्तिका उलटीपालटी करून म्हणाल्या, "छान झालं गं. पण म्हणू कशी?"

आता थोडं मागे जाते, कारण हा प्रश्न माझ्या घरात पहिल्यांदा भजनातून आला नाही. तो कॅसेटमधून आला.

आमचं घर अफझलगंजला, गौलीगुड्याकडे जाणाऱ्या बाजूला. इमलीबनचा मोठा बसस्टँड व्हायच्या आधी सगळ्या गाड्या गौलीगुड्यालाच लागत. त्यामुळे नांदेड-लातूरचा पाहुणा उतरला की दहा मिनिटांत दारात. आणि त्या वाटेवर फूटपाथभर कॅसेटवाले. गुलशन कुमारांच्या टी-सीरीजनं १९८०च्या दशकात जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेऊन स्वस्त कॅसेट काढल्या आणि त्यांचं पाहून आणखी कितीजण त्या धंद्यात उतरले. मूळ रेकॉर्डिंग एचएमव्हीकडे. ती कॅसेट महाग, आणि हवी ती मिळेलच असंही नाही. स्वस्तवाली हाताशी. लोक सरळ विचारत, "ओरिजिनल की व्हर्जन?" आणि बहुतेक व्हर्जनच घेऊन जात. अनुराधा पौडवाल, सोनू निगम यांच्यासारख्या गायकांच्या व्हर्जन कॅसेट घरोघरी वाजत. ती गाणी चोरीची नव्हती. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातच तशी सोय होती. मूळ रेकॉर्ड निघून दोन वर्षं झाली की आगाऊ कळवून, ठरलेली रॉयल्टी भरून, दुसऱ्याला तेच गाणं नव्यानं ध्वनिमुद्रित करता येई.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंची एक कॅसेट होती. 'अनारकली'ची, १९५३ सालच्या. सी. रामचंद्रांचं संगीत. सासूबाईंनी ती गाणी माहेरी उदगीरला रेडिओवर ऐकलेली, अर्धवट, शेजाऱ्यांच्या खिडकीतून. म्हणून सासऱ्यांनी कधीतरी ही कॅसेट आणून दिली. वर बीना रायचा फोटो आणि लताबाईंचं नाव ठसठशीत. नावाच्या शेपटीला 'की याद में' छापाचे काही शब्द होते, मुंगीएवढे. दुपारी तांदूळ-डाळ निवडताना सासूबाई ती लावत. वीस वर्षं तरी लावली असेल. फीत तुटली की नखपॉलिशनं चिकटवत.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात माझ्या मुलानं मोबाइलवर तेच गाणं लावून दिलं. अस्सल, लताबाईंचं. आम्हाला वाटलं, किती खूष होतील! त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि मग मान हलवली. "हे ते नव्हे रे. माझ्या बाईचं लाव."

मुलगा समजावायला लागला, "आजी, हेच खरं आहे, तुझं ते डुप्लिकेट होतं." मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. कॅसेट शोधली, जुना टेपरेकॉर्डर पुसून लावला. आवाज घरघरत होता, तरी सासूबाई शांत झाल्या. मला मात्र तेव्हापासून प्रश्न पडलाय. मी तेव्हा खोट्याला साथ दिली का? की खरं-खोटं ठरवण्याचा आपला काटाच चुकीच्या वस्तूवर ठेवला होता?

कानांनी तुलना केली तर उत्तर सोपं आहे. दोन्ही मी पाठोपाठ ऐकली. नव्यात तबला जास्त ठळक, वाद्यं स्वच्छ, आवाज गोड. पण ओळ संपताना लताबाई जिथे सूर हळूच सोडून देतात तिथे ही गाणारी तो धरून ठेवते, जणू परीक्षेला बसलीय. मूळ गाणाऱ्याला पुढे काय होणार हे ठाऊक नसतं आणि नक्कल करणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. तो फरक लपत नाही. एवढं कळूनही मला सासूबाईंचं चुकलं असं म्हणवत नाही. त्यांच्या वीस वर्षांच्या दुपारी त्या दुसऱ्या आवाजात होत्या. लताबाई त्यांच्या घरी आल्याच नव्हत्या. आली होती ती 'माझी बाई'.

त्या गेल्यावर मी त्या बाईचं नाव शोधायला कॅसेटचा आतला कागद उलगडला. चित्रपटांची नावं होती. संगीतकारांची होती, गीतकारांची होती. गाणारीचं नाव कुठेच नव्हतं. मी भिंग लावून बघितलं.

त्या क्षणी मला 'प्रतिरूपकव्यवहार' हा शब्द पहिल्यांदा खऱ्या अर्थानं कळला. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यातला हा पाचवा. खऱ्यासारखं दिसणारं बनावट खरं म्हणून खपवणं. पाठशाळेत आम्हाला उदाहरण देत ते तुपात भेसळीचं आणि खोट्या नाण्याचं. (चोरीचा माल विकत घेणं हाही एक अतिचार आहे, तदाहृतादान. फूटपाथवरच्या साध्या प्लॅस्टिकातल्या, लेबल नसलेल्या कॅसेटही आम्ही घेतल्या आहेत. त्या हिशोबानं आमच्या घरातला निम्मा डबा अतिचारातच जमा.) मला वाटत होतं, भेसळीत फसतो तो घेणारा, आणि नुकसान होतं ते अस्सल तूपवाल्याचं. इथे तर तिसरंच कुणीतरी लुटलं गेलं होतं. लताबाईंचं नाव वर घातल्यामुळे लताबाईंचं नाव वापरलं गेलं हे खरं, पण त्यांचं फारसं काही गेलं नाही. गेलं ते त्या बिनानावाच्या बाईचं. तिनं स्टुडिओत उभं राहून खरोखरच गायलं होतं. एका म्हातारीला तिच्याशिवाय दुसरं कुणी नको होतं. आणि ती कोण, हे त्या म्हातारीला कधी कळलं नाही.

उलट उदाहरणही आहे. १९९२ साली खुद्द लताबाईंनी 'श्रद्धांजली' नावानं दुसऱ्यांची गाणी गायली. सैगल, पंकज मलिक, गीता दत्त, मुकेश, रफी यांची. म्हणजे व्हर्जनच. पण नावातच कबुली होती. ऐकताना आपण सैगल विसरत नाही, उलट सैगलांकडे पुन्हा जातो.

आमच्याकडे चातुर्मासात माताजींनी अमृतचंद्राचार्यांचा 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' घेतला होता. त्यात आचार्य म्हणतात, धन हे माणसाचे बाहेर फिरणारे प्राणच आहेत, म्हणून ते न देता घेणं ही हिंसा. हे ऐकलं आणि मला सगळे चालकार आठवले. चाल म्हणजे तर खरोखर श्वासच. पण त्याच ठिकाणी गृहस्थाला एक सवलतही दिली आहे. विहिरीचं पाणी वगैरे न विचारता घेणं ज्याला सोडता येत नाही, त्यानं निदान बाकीचं न दिलेलं सगळं सोडावं.

मग चाल कशात धरायची? कुणाच्या तिजोरीतलं धन, की विहिरीचं पाणी?

मी भाच्याला विचारलं. तो वकील आहे. तो म्हणाला, मामी, कायद्यात दोन्ही आहे. संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालीवर त्याच्या वारसांचा हक्क. नौशाद २००६ साली गेले, तेव्हा 'बैजू बावरा'च्या चाली २०६६पर्यंत मालकीच्या. पण खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गायलं तर तो हक्कभंग होत नाही, अगदी लग्नाच्या वरातीलाही ती सूट आहे. आणि व्हर्जनचं काय म्हणशील तर २०१२च्या दुरुस्तीत नियम कडक झाले. आता दोनाऐवजी पाच वर्षं थांबायचं, वेष्टनावर हे व्हर्जन आहे असं स्पष्ट लिहायचं, आणि मूळ गायकाचं नाव किंवा चित्र टाकायचं नाही. शेवटचं ऐकून मला सासूबाईंच्या कॅसेटवरची बीना राय आठवली. संसदेलाही अखेर प्रतिरूपकव्यवहारावरच बोट ठेवावं लागलं म्हणायचं.

कायद्यानं आम्हा मंदिरात गाणाऱ्यांना सोडून दिलं. व्रतानं सोडलं का, हे भाचा कसा सांगणार?

इथे रफीसाहेब आणि लताबाईंचं भांडण आठवतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला गायकांना रॉयल्टी मिळावी असं लताबाई म्हणत होत्या. रफींचं म्हणणं, गाण्याचे पैसे मिळाले, विषय संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. आधी मला वाटे, यात अपरिग्रही कोण ते उघड आहे, रफीसाहेब! हल्ली तसं वाटत नाही. स्वतःचा हक्क सोडणं हा त्याग खरा, पण आपण सोडला म्हणून सगळ्यांनी सोडावा, हा त्याग नव्हे. त्या कॅसेटवरच्या बाईला कुणी विचारलं होतं, की तुझं नाव सोडतेस का म्हणून? आणि मी तरी काकूंना कुठे विचारलं होतं?

हो, काकू. पार्श्वनाथांचं ते भजन त्यांचंच. शब्द त्यांनी रचलेले. मी मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन त्यांची वही पुन्हा पाहिली. भजनाच्या वर त्यांनी जांभळ्या शाईत लिहिलं होतं: पिक्चर बैजू बावरा, गायक महंमद रफी, शब्द शकील, संगीत नौशाद. चौथी शिकलेल्या बाईनं सगळी देणी चोख मांडली होती आणि बी.ए. झालेल्या बाईनं ती खोडली होती. तिघे मुसलमान, त्यांनी हिंदू भजन केलं, त्या चालीवर अफझलगंजच्या जैन बाईनं पार्श्वनाथ आळवले. एवढा मोठा प्रवास त्या चार शब्दांत होता. मी शोभेसाठी तो पुसला. म्हणजे आधी चालकारांचं नाव काढलं, मग काकूंचं, आणि वर माझं छापलं. सासूबाईंच्या कॅसेटहून हे वेगळं कुठे होतं?

काकूंना तसं म्हटलं तर म्हणाल्या, "माझं काय त्यात? शब्द भगवंतांचे, चाल सिनेमाची. मी आपली मधली." मग थोडं थांबून, "पण तर्ज लिवायला पायजे होतीस तू."

तर्ज लिहिणं ही काही आमच्या वह्यांची नवी टूम नव्हे. सासऱ्यांच्या ट्रंकेत संगीत नाटकांची जुनी पुस्तकं आहेत. 'सौभद्र' १८८२चं, 'शारदा' १८९९चं. त्यात पदांवर बारीक अक्षरात 'चाल' म्हणून मूळ गाण्याचं नाव दिलेलं असे. किर्लोस्करांना त्यात कमीपणा वाटला नाही. चाली लोकांमधूनच आल्या होत्या, लावणीतून, कीर्तनातून, कानडी गाण्यांतून. त्यांनी त्या घेतल्या आणि कुठून घेतल्या ते सांगितलं.

आणि आपल्या धर्मात तर हे त्याहूनही जुनं आहे. बेगम बाजारातल्या एका गुजराती बेननं मला दाखवलं. त्यांच्याकडे श्वेतांबर साधूंचे जुने रास आणि चौपाई आहेत. त्यातल्या प्रत्येक ढाळीच्या सुरुवातीला 'देशी' दिलेली असते, म्हणजे त्या काळच्या एखाद्या लोकगीताचा मुखडा, ज्याच्या चालीवर ती ढाळ गायची. सतराव्या शतकातल्या समयसुंदरांच्या 'सीताराम चौपाई'त अशा कितीतरी देशी आहेत. मोहनलाल दलिचंद देसाई यांनी 'जैन गुर्जर कविओ' या ग्रंथात अशा देशींची भलीमोठी सूची केली आहे. त्यात लग्नातली गाणी आहेत, नणंद-भावजयीची आहेत, परदेशी गेलेल्या नवऱ्याची आहेत. संसार सोडलेल्या साधूंनी संसारी बायकांची गाणी घेतली आणि आपल्या वैराग्याच्या काव्यावर त्यांची नावं न लाजता लिहिली! त्यातली बरीच गाणी आज कुणी गात नाही. एक ओळ तेवढी उरली आहे, ती जैन भांडारातल्या पोथीत. मूळ गेलं आणि व्हर्जननं त्याचं नाव सांभाळलं.

हे बघितल्यावर मला माझ्या 'शोभत नाही'ची खरी लाज वाटली.

अर्थात मूळ म्हणजे तरी काय, हे दरवेळी सापडतंच असं नाही. 'गीतरामायण' घ्या. १९५५च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं आणि वर्षभरात छप्पन झाली. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली. पण रेडिओवर ती सगळी बाबूजींनी गायली नव्हती. माणिक वर्मा, लताबाई, वसंतराव देशपांडे, मालती पांडे असे कितीतरी आवाज होते. पुढे बाबूजींनी कार्यक्रमांत आणि रेकॉर्डवर सगळी स्वतः गायली आणि आज आपल्या कानात तीच आहेत. सीतेचं दुःखसुद्धा आपल्याला पुरुषाच्या आवाजात ऐकू येतं आणि त्यात काही चुकतंय असं वाटत नाही. मग मूळ कोणतं? आधीचं की मनात बसलेलं? मला विचाराल तर मी बाबूजींचंच लावीन. तिथे मी सासूबाईंच्याच पंगतीत बसते. आणि नौशादसाहेबांनी तरी मालकंस कुणाला विचारून घेतला? विहीर खोलच आहे. पण विहिरीवर घागर भरायला गेलेली बाई विहिरीवर स्वतःचं नाव कोरत नाही, एवढं मला कळायला हवं होतं.

रिमिक्सबद्दल मी फार लिहीत नाही. १९७२च्या 'समाधी'मधलं लताबाई आणि आर. डी. बर्मन यांचं गाणं २००२मध्ये नव्या रूपात आलं तेव्हा आमच्या मंडळात नुसता हलकल्लोळ झाला होता. मीही त्यात होते. आता वाटतं, आमचा राग बहुतेक त्या मुलीच्या कपड्यांवर होता. गाण्याचं काय झालं याची आम्हाला पडली नव्हती.

पुस्तिकेच्या दीडशेच्या आसपास प्रती कपाटात शिल्लक होत्या. पर्व संपल्यावर मी काकूंना आणि आणखी दोघींना घरी बोलावलं, वह्या पुढ्यात घेतल्या आणि जांभळ्या शाईनं प्रत्येक भजनावर तर्ज लिहायला बसले. शेवटी भजन कुणी रचलं तिचं नाव. दोघींनी "नक्को बाई, आमचं नाव कशाला" म्हटलं, तेव्हा या वेळी विचारून सोडलं. क्लबातल्या नाचगाण्याचंही नाव लिहिलं, हात जरा अडखळला तरी. जाऊबाईंची नात शेजारी बसून शाई वाळवायला फुंकर मारत होती. 'बैजू बावरा' आलं तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं आणि गाल फुगवून म्हणाली, "म्हणजे आपणच?" मी म्हटलं, "आपणच."

चाळीस झाली. एका भजनाची तर्ज कुणालाच सांगता येईना. आदिनाथांच्या पाळण्याचं भजन आहे ते. काकूंनी ते गाऊन दाखवलं. कोणत्याच सिनेमात ऐकल्यासारखं वाटेना. काकू म्हणाल्या, त्यांची आई जिंतूरला पहाटे दळताना ते गुणगुणायची, शब्द तेव्हा वेगळे होते. आईनं कुठून घेतलं ते त्यांनी कधी विचारलं नाही.

मी लिहिलं, 'चाल: जिंतूरची, जात्यावरची.'

नातीनं वाचलं, फुंकर मारली आणि विचारलं, "आजी, जातं हा कोणता पिक्चर?"